दुर्मिळ काका

ओमानातल्या समस्त मराठी मंडळींत स्वतःच्या दुखण्याचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांखेरीज दुसरा निघायचा नाही, पैजेवर सांगतो! त्यांना फिट्स यायच्या. औषधांनी भागेना, म्हणून एका सुट्टीत मुंबईला जाऊन ते छातीत, गळ्याच्या हाडाखाली, एक यंत्र बसवून आले. ते दर थोड्या मिनिटांनी मानेतल्या नसेला हलका झटका देई, आणि तेवढा वेळ काकांचा आवाजच जाई. "आवाज घोगरा बऱ्याच जणांचा होतो," डॉक्टर म्हणाले होते, "पण तुमच्यासारखा साफ बंद होणं दुर्मिळ." काकांनी त्यातलं 'दुर्मिळ' तेवढं उचललं. अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यांनी छातीचा एक्स-रे टाकला, आणि कुणी शुगर-बीपीचं रडगाणं लावलं की म्हणायचे, "ह्या काय, सगळ्यांकाच आसता!"

बोलता बोलता आवाज गेला की ते एक बोट वर करत आणि झटका संपेपर्यंत तसेच उभे राहत. अझैबातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांचा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, "यल्ला, यल्ला!" म्हणून घाई करी, तरी बोट खाली येत नसे. मनगटावर यंत्राबरोबर मिळालेलं लोहचुंबक बांधलेलं असे. ते छातीवर धरून ठेवलं की यंत्र तेवढ्यापुरतं थांबे. एरवी त्याला दुकानातले नट-वॉशर चिकटत आणि काकू ते घरी उपटून वाटीत टाकत.

गणपतीत मात्र पंचाईत झाली. गणपती आमच्या घरचा, पण गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा. त्यांनी देवाकडे एकेक मागणं मागायचं आणि ते थांबले की आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही आमची कोकणातली रीत. त्या वर्षी माझी लेक बारावीला. काका रंगात आले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक परीक्षेत मार्क कमी..." आणि आवाज गेला! आम्ही सवयीने छत उडवून दिलं, "व्हय म्हाराजा!" लेक रडकुंडीला आली. "बाबा, काकांनी असं का मागितलं?" मागाहून काकांनी "पडूक देऊ नको" जोडलं खरं, पण देवाकडे आधी काय पोचलं कोण जाणे! पुढल्या वर्षी दुसरं कुणीतरी बघूया, असं कुणीतरी पुटपुटलं. ते ऐकून काका न जेवताच वर गेले. मला फार वाईट वाटलं.

पुढला गणपती त्यांचा इथला शेवटचा. त्यानंतर ते दोघं कायमचे गावी गेले. त्या गणपतीत काकांनी हट्टाने गाऱ्हाणं स्वतःकडे घेतलं. एक हात छातीवर धरून घडाघडा बोलले, एकदाही अडले नाहीत. आम्ही त्यांच्या भक्तीने भारावलो. काकूंना मात्र बरोबर कळलं. त्या तरातरा पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत तो लोहचुंबकाचा हात त्यांनी खाली ओढला.

"फिट येवन गॅसवर पडलास तेव्हा मी उचललंय तुमका. आता माझ्याच्यान होवचा नाय."

"अगो, एकच मागणा ऱ्हवला..." म्हणेपर्यंत काकांचा आवाज गेला. बोट वर. तेव्हा आयुष्यात कधी गाऱ्हाणं न घातलेल्या काकूंनीच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यांचो आवाज होयो तर तू घे, पण माणूस माका ठेव."

आम्ही सगळे काकांकडे वळलो. काकांचं बोट हळूहळू खाली आलं. आवाज अजून परतला नव्हता. नुसते ओठ हलले, "व्हय म्हाराजा."