मागच्या अंगणातली दोरी

गंगापूर रोडवरच्या आमच्या बंगल्याच्या मागे जेमतेम पंधरा बाय तीस फुटांची जागा आहे. पाहुणे आले की मी मागचं दार लावून घ्यायचे. गाजरगवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं, कढीपत्त्याचं एक वेडंवाकडं झाड, गवती चहाचे माजलेले ठोंब, तेलाच्या गंजक्या डब्यांत पुदिना. आणि मागच्या दारापासून टोकाच्या पेरूपर्यंत कमरेच्या उंचीवर ताणलेली नायलॉनची दोरी. तिच्यावर कधी कुणी कपडे वाळत घातलेले मी पाहिले नव्हते. तरी ती कशाला आहे, हे मी कधी विचारलं नाही.

ती जागा माझ्या सासऱ्यांची होती. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली आणि सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. सकाळ-संध्याकाळ तासभर ते मागे फेऱ्या मारायचे. हा माणूस इतका वेळ तिथं असतो, पण गवताची एक काडी उपटत नाही, असं मी शाळेतल्या मैत्रिणींना हसत हसत सांगायचे.

मी शाळेत गणित शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आलेख कागदावर त्या जागेचा आराखडा काढला. मधे हिरवळ, तिच्यातून नागमोडी जाणाऱ्या सुट्या फरशा, एक लोखंडी बाक, भिंतीलगत कुंड्या. नवऱ्याला दाखवला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "बाबांना विचारलंस का?"

"त्यांना काय विचारायचं? देवळ्याला ताईंकडे जाणारच आहेत पंधरा दिवस. परत येतील तेव्हा बघतील."

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. त्यालाही ते सोयीचंच होतं.

साफसफाईला पेठकडचं एक जोडपं आलं. कामासाठी दरवर्षी नाशिकला उतरणारी माणसं. त्यातली बाई हाताला चपळ आणि बोलायला कमी. पहिल्या दिवशी सकाळी ती दोरीपाशी थांबली. दोरीला ठरावीक अंतरावर चिंध्यांच्या गाठी होत्या. त्यांवरून तिने बोटं फिरवली आणि मला हाक मारली.

"बाई, ही दोरी कुनी मुद्दाम बांधलेली हाय. ऱ्हाऊ द्यायची का?"

"काढून टाक. सगळंच काढायचंय."

"कढीपत्ता पन?"

"तोही. अगदी वाटेत येतोय."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि कोयता उचलला. हे मी विसरू शकत नाही, कारण मला कुणी सांगितलंच नाही, असं म्हणायची सोय त्यामुळे उरली नाही.

बाबा परत आले तेव्हा सगळं तयार होतं. मी उत्साहाने मागचं दार उघडलं. ते उंबरठ्यावर उभे राहिले. त्यांचा डावा हात सवयीने बाहेर गेला, हवेत थोडा चाचपडला आणि परत आला.

"छान झालंय," ते म्हणाले. मला वाटलं, म्हातारा माणूस, जुन्याची सवय, रुळेल हळूहळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर गेले आणि मी स्वयंपाकघरात असताना धडपडल्याचा आवाज आला. बाकाच्या कडेवर त्यांचा गुडघा आपटला होता, पायजम्यावर रक्त आलं होतं. मी त्यांना उठवलं, जखम धुतली, आणि ते करता करता मी म्हणाले, "बाबा, एवढा मोठा बाक आहे. जरा बघून चालावं ना."

"हो, चुकलंच माझं," ते म्हणाले.

त्यानंतर ते मागे गेलेच नाहीत. हॉलमधल्या खुर्चीत बसून असायचे. विचारलं की म्हणायचे, ऊन फार आहे. मी बाकावर बसून चहा पीत होते, फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होते.

आठवड्याभराने ती पेठची बाई राहिलेला कोयता न्यायला आली. हॉलमधून आत जाताना तिने बाबांकडे पाहिलं आणि मागच्या अंगणात गेल्यावर मला हळूच विचारलं, "बाबांला दिसत नाय ना?"

"दिसतं की. पेपर वाचतात रोज."

"नाय दिसत, बाई. माझ्या आजाला नव्हतं दिसत. झोपडीपासून विहिरीपर्यंत आम्ही अशीच दोरी बांधलेली. मला वाटलं, तुमाला ठाव असंल."

ती गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. पेपर रोज उघडलेला असायचा, पण बातम्या ते माझ्या लेकीला मोठ्याने वाचायला लावत. ताटात आधी बोटांनी भात कुठे, भाजी कुठे ते बघत. चहा सांडला की मी कपाळाला आठ्या घालून फडकं आणायचे. चार वर्षं एका घरात राहून मी हे सगळं पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ वेंधळेपणा असा लावला होता.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बाबा, तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी मांडीवरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उजव्याचं गेलं. डाव्याने उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं."

"सांगितलं का नाही आम्हाला?"

"सांगितलं असतं तर एकट्याला बाहेर पाऊल टाकू दिलं असतंस? तिथं मला कुणाचा हात धरावा लागत नव्हता. कढीपत्त्याला हात लागला की वळायचं. गवती चहाचा वास आला की भिंत जवळ आली."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुला कुठं माहीत होतं." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण बाईने दोरीबद्दल विचारलं होतं हे मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. आधी आणायला हवं होतं, असंही म्हणाले. नवरा खाली मान घालून ऐकत होता.

मग ती जागा आम्ही पुन्हा केली. या वेळी बाबा बोलत होते आणि मी कागदावर उतरवत होते. फरशा सरळ रेषेत, एकमेकींना भिडवून. बाक भिंतीला. दाराशेजारी लोखंडी कठडा. वळणावर कढीपत्ता लावला, पण ते वीतभर रोप आहे. हाताला लागायला काही वर्षं जातील. बाबा आता फिरतात, पण पूर्वीसारखे नाही. दहा मिनिटांत आत येतात. त्या दिवशी पडल्याची भीती त्यांच्या पायात बसली आहे.

मागच्या महिन्यात नवऱ्याची मावशी आली होती. कठडा, सरळ वाट, सगळं फिरून पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सासऱ्यांसाठी इतका विचार करणारी सून आजकाल कुठं मिळते?"

बाबा शेजारीच बसले होते. मी चहा ओतायला आत गेले.