बाबांचा उन्हाळा

जुलैच्या थंडीत मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या हॉलमध्ये ‘ख्रिसमस इन जुलै’ भरतो, तेव्हा लवंग-दालचिनीच्या वासाने मला जर्मनीतलं ते आइस्क्रीमचं दुकान आठवतं. बाबा नोकरीत असताना ट्रेनिंगसाठी एका जर्मन शहरात उन्हाळाभर राहिले होते. तिथलं रात्री नऊपर्यंतचं ऊन, नदीतल्या बोटी आणि कोपऱ्यावरच्या इटालियन माणसाचं आइस्क्रीम आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. मी पुण्याला फोन करून म्हटलं, “बाबा, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ या.” मेलबर्नला राहून माझी उन्हाळ्याची सुट्टी डिसेंबरात गेली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिकिटांवर डिसेंबर बघून बाबांनी मफलर काढून ठेवला. तिथे चारलाच अंधार पडत होता, बोटी काठाला बांधलेल्या होत्या आणि सगळी गर्दी ख्रिसमसच्या बाजारात होती. बाबा मला थेट त्या कोपऱ्यावर घेऊन गेले. आइस्क्रीमच्या दुकानात आता एक बाई मसाल्याची बिस्किटं विकत होती. मोडक्या जर्मनमध्ये तिच्याशी बोलून ते म्हणाले, “मालक हिवाळ्यात गावी जातो, मार्चमध्ये येतो.” मी गारठलो होतो. म्हटलं, “आइस्क्रीम काय बाबा, कुठेही मिळतं.” त्यांनी मफलर नीट केला. “या वेळी तुझ्या उन्हाळ्यात आलो, एकदा माझ्या उन्हाळ्यात येऊ.” मी म्हणालो, “जुलैत रजा मिळत नाही हो.” खरं तर मी ती कधी मागितलीच नव्हती. पुढे एकदाच मागितली, आणि बॉसने त्याच मिनिटाला दिली. बाबांच्या दहाव्याला जायचं होतं.