माझं ‘इन शॉर्ट’

माझी थोरली बहीण निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकली. माझी शाळा पोलीस ॲक्शननंतरची, मराठीतली; माझ्या वाट्याला पुढं औरंगाबादचं कॉलेज आलं आणि कॉलेजात मला ‘इन शॉर्ट’ सापडलं. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक तासभर शिकवून झालं की ‘इन शॉर्ट’ म्हणत आणि अख्खा धडा दोन वाक्यांत आवरत. त्याचा अर्थ ‘थोडक्यात’ हे मला ठाऊक होतं हो! पण हे शब्द तोंडात असले की माणूस विद्वान दिसतो, एवढंच मी बावळटीनं उचललं. प्राध्यापक ते शेवटी म्हणायचे. मी सुरुवातीलाच म्हणायची आणि मग अर्धा तास बोलायची.

अशात पडेगावचं स्थळ आलं. मुलगा शहरात कचेरीत नोकरीला. मला त्या लोकांना एकच गोष्ट विचारायची होती: लग्नानंतर बी.ए. पुरं करू देणार का? माझे वडील काही विचारायला तयार होईनात. “आपण मुलीकडचे,” म्हणाले. म्हणजे तोंड मलाच उघडायचं होतं.

मुलगा आईवडिलांसोबत मला बघायला आला. मुलाच्या वडिलांनी सुरुवात केली, “स्वयंपाक येतो का गं, पोरी?”

“इन शॉर्ट सांगायचं तर,” मी पदर सावरला आणि भरल्या वांग्यांना हात घातला. वांगी कशी करपली, वास शेजारणीकडं कसा गेला, ती काय म्हणाली, तिची नणंद पिशोरला कुणाच्या घरात दिलीय... आई दाराआडून खोकत होती. मला वाटलं, हिला ठसका लागला!

“लई झालं शॉर्ट,” म्हणत मुलाचे वडील उठले. “अंधार व्हायच्या आत घर गाठायचंय.”

मंडळी टांग्यात बसलीसुद्धा आणि माझा प्रश्न माझ्यापाशीच. मी तशीच अनवाणी धावले, टांग्याला धरलं आणि एका दमात विचारलं, “मला बी.ए. पुरं करू द्याल का?”

माझ्या वडिलांनी कपाळावर हात मारला. मुलगा लाजून घोड्याकडं बघत बसला. इतका वेळ एक अक्षर न बोललेली त्याची आई मात्र मला नखशिखान्त न्याहाळत होती.

“करू द्या की हिला,” ती नवऱ्याला म्हणाली. “कॉलेजात असंल तवर तरी माझं घर निवांत राहील.”