कण्हेरीचं कुंपण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर हे ऐकल्यावर माझ्या हातचं पुन्हा काही खाल्लं नसतं.

आधी शेळ्यांबद्दल सांगते. ते सोपं आहे.

शीळफाट्याच्या पुढे, एका आगरी गावाच्या कडेला आमची छोटीशी जागा आहे. राहायला आम्ही डोंबिवलीत, शनिवार-रविवार तिकडे. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, शेळ्या पाळायच्या होत्या आणि मला फुलांची बाग हवी होती. एका कुंपणात हे दोन्ही कसं नांदणार, हा प्रश्न आम्हा दोघा शहाण्यांना पडलाच नाही. शेळ्यांनी माझी जास्वंद खाल्ली, कर्दळ खाल्ली, गुलाबांचे काट्यांसकट कोंब खाल्ले. सुधीर हसायचा. मी चिडून आठवडेच्या आठवडे त्याच्याशी धड बोलायचे नाही — हो, गुलाबांवरून!

मग नर्सरीवाल्याने कण्हेर सुचवली. "बिनधास्त लावा मॅडम, शेळी तोंड लावणार नाही. विषारी असते ती." मी दोन्ही वाक्यं नीट ऐकली होती. घरी येऊन सुधीरला पहिलं तेवढंच सांगितलं. दुसरं सांगितलं असतं तर त्याने ती लावू दिली असती का? म्हणूनच नाही सांगितलं.

कण्हेर जोमात वाढली. गुलाबी फुलांचं कुंपण — येणारे-जाणारे थांबून बघायचे. मला फार अभिमान होता त्याचा.

एरवी आठवडाभर शेळ्यांकडे शेजारचे काशिनाथदादा आणि जनीवहिनी बघायचे. त्यांच्या मुलीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. आगऱ्यांकडे हळदीच्या जेवणाला मटण हवंच. लग्नाच्या जेवणापेक्षा त्याचीच चर्चा जास्त. गावासाठीचं मटण बाहेरून येणार होतं. पण घरच्या माणसांच्या पंगतीचा बोकड आमचा, असं सुधीरने मोठ्या रुबाबात जाहीर केलं. तो बोकड मग बाकीच्या शेळ्यांपासून वेगळा, घरामागे बांधला. त्याचं खाणंपिणं वेगळं, लाड वेगळे.

हळदीच्या दिवशी सकाळी मी लॉन कापलं. कापलेलं गवत शेळ्यांनाच जायचं, ही आमची नेहमीची पद्धत. आदल्या आठवड्यात मी कण्हेर छाटली होती. फांद्या तिथेच कडेला पडल्या होत्या आणि त्यांची वाळलेली पानं गवतात गळली होती. मी सगळं एकत्र झाडलं, घमेल्यात भरलं, बोकडापुढे ठेवलं. खा बाबा, म्हटलं, आज तुझा दिवस. ताजी कण्हेर जनावर हुंगून सोडतं. पण वाळलेली, गवतात मिसळलेली — ती त्याला कशी कळणार?

घमेलं उचलायला गेले तेव्हा तळाशी थोडी लांबट, करडी पानं उरली होती.

ती पानं मी उचलली, खड्डा केला, पुरली. वरून माती दाबली. घाबरलेलं माणूस आधी ओरडतं ना? मी आधी पुरावा पुरला. विचार नंतर केला.

दुपारी दादा बोकड न्यायला आले. बोकड मान टाकून बसला होता, दात खात होता. दादांनी त्याचं तोंड उघडून बघितलं. "वयनी, याच्या तोंडाला फेस कसा आयला? काय खाल्लान का?"

एवढं सरळ विचारलं होतं त्यांनी. आणि मी म्हणाले, "नाही हो दादा, रोजचंच. ऊन लागलं असेल."

"ऊन हाये खरा," असं म्हणून ते त्याला घेऊन गेले. तो दोनदा वाटेत बसला. मी फाटकाशी उभी राहून बघत होते.

पहाटेपासून त्या घरात उलट्या सुरू झाल्या. दादा, त्यांची म्हातारी आई, दोन पाहुणे. मनीषा लग्नाला उभी राहिली ती पांढरीफटक पडून. मामाने तिला धरलं होतं. कुणी म्हणालं ऊन, कुणी म्हणालं नजर. दोन दिवसांत सगळे बरे झाले. म्हातारी त्या पावसाळ्यात गेली — वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या बोकडामुळेच झालं का हे सगळं? मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. अजूनही जनीवहिनींचा फोन आला की मी तो लगेच उचलत नाही. त्यांना आज कळलं असेल का? आज विचारतील का?

पण हे सांगायला मी बसले नव्हते. इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, तिला काय कल्पना. मीही स्वतःला तेच सांगत आलेय. खोटं आहे ते. मला कल्पना होती.

संध्याकाळी पंगत बसली. माझा ओंकार तेव्हा पहिलीत होता. त्याच्या ताटात भाकरी आणि रस्सा आला, त्याने घास मोडला — आणि मी त्याचं ताट ओढून घेतलं. "याचं पोट बिघडलंय सकाळपासून." तो म्हणाला, "नाही गं आई." मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. मी स्वतः शनिवारचा उपास सांगितला. सुधीर मात्र जेवला. त्याला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

जनीवहिनींनी ते ऐकलं. मुलीची हळद, घरभर पाहुणे, आणि ती बाई सगळं टाकून आत गेली. मऊ वरणभात करून घेऊन आली. "पोर उपाशी नको रहायला, ताय." ओंकारला तिने स्वतःच्या हाताने भरवलं, शेवटच्या घासापर्यंत. मग आपलं ताट घेऊन माझ्याच शेजारी जेवायला बसली.

दिवसभर तिच्या पोटात काही नव्हतं. भराभर जेवली. ताट रिकामं झालं तेव्हा वाढणारा दूर होता. मी गप्प बसले तर तिला काहीतरी कळेल, असं मला वाटलं. मी उठले, डाव घेतला आणि तिला अजून वाढलं.