कोलब्रुकडेलची थंड भट्टी आणि एक हट्टी फौंड्रीवाला

पेट्रोल, पार्किंग, तिकिटं आणि दोघांचं जेवण मिळून जेमतेम शंभर पौंड. पण या सहलीची खरी किंमत होती एक वचन. लेक मृणाल इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असते. तिने आपला शनिवार दिला तो अट घालून : "बाबा, तुमची ती भट्टी दाखवते. पण सोमवारी विजेच्या भट्टीच्या ऑर्डरला हो किंवा नाही, एक काय ते कळवायचं. 'बघू' चालणार नाही."

माझी कोल्हापूरला फौंड्री आहे. वाळू चाळण्यापासून सुरुवात केली, आज चाळीस माणसं आहेत. भट्टी कोकची, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाची. पुतण्या सागर आणि मृणाल दोघांचं म्हणणं, ती मोडा आणि वीज आणा. म्हटलं, मोडायच्या आधी तिचं माहेर, कोलब्रुकडेल, तरी बघू.

सकाळी आठला निघालो. एम वन, एम सिक्स, मग टेलफर्डकडे एम फिफ्टीफोर. दोन तास लागले. शेवटचे रस्ते अरुंद आणि उताराचे आहेत. दहाच्या आत पोचा, पार्किंग मिळतं. सेव्हर्न नदीची दरी इतकी हिरवीगार की इथे कधी धूर होता हे पटत नाही.

भट्टी त्रिकोणी छपराखाली उभी आहे. विटा-दगडांची, गार. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी पितळेच्या धंद्यातला एक माणूस इथे आला. तोवर लोखंड गाळायचं ते लाकडी कोळशावर. दगडी कोळसा तसाच घातला तर त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि लोखंड ठिसूळ होतं. याने तो आधी भाजला, गंधक बरंचसं घालवलं, कोक केला. त्या लोखंडातून पूल नाही, तोफा नाही. पातळ, हलकी स्वयंपाकाची भांडी ओतली. हे वाचून मला फार बरं वाटलं. धंदा असाच सुरू होतो.

तिथे एक निवृत्त ओतारी स्वयंसेवक म्हणून माहिती सांगत होते. ते म्हणाले, "ठोकून घडवायचं लोखंड करणारे कितीतरी वर्षं याच्या लोखंडाला हात लावायला तयार नव्हते."

मी मृणालकडे वळलो. "ऐकलंस? सगळे नको म्हणत होते, तरी गडी हटला नाही. मी पण हटणार नाही."

"बाबा, तो नवीन आणत होता! या गोष्टीतला तो म्हणजे तुम्ही नव्हे. तुम्ही लाकडी कोळसावाले आहात."

शेजारचं एक इंग्रज जोडपं उगाचच हसलं. मराठी कळलं नसेल, पण सूर कळला असणार. मी म्हाताऱ्यांना विचारलं, "त्या लाकडी कोळसावाल्यांचं पुढे काय झालं?"

"बरीच वर्षं मजेत कमावलं त्यांनी."

"बघ!"

"'बरीच वर्षं' म्हणाले, बाबा. 'आजपर्यंत' नाही."

आता मात्र मी पेटलो. म्हाताऱ्यांना सांगितलं, "कोकच्या ओतकामाची बात वेगळी. मला वाजवून कळते. माझ्या गिऱ्हाइकांना विजेचं लोखंड द्या, दुसऱ्या दिवशी फोन येईल!" त्यांनी माझ्या हाताकडे, बोटांवरच्या जुन्या भाजल्याच्या डागांकडे पाहिलं, स्वतःचा हात पुढे केला. तसेच डाग. माझा हात हातात घेतला. "आमची भट्टी बंद झाली तेव्हा मीही असंच बोललो होतो," एवढंच म्हणाले.

जेवण नदीकाठच्या पबमध्ये. फिजेट पाय हा इथला सारण भरून भाजलेला पदार्थ मागवा : डुकराचं मांस, सफरचंद, कांदा. गोडसर लागतो, मी डब्यातल्या ठेच्याबरोबर खाल्ला आणि मृणालने मला ओळखत नसल्यासारखं केलं. पावसाळी जाकीट न्या, चपला नकोत.

सोमवारी वचन पाळलं. लिहिलं : नाही. मृणालने "ओके बाबा" एवढंच उत्तर पाठवलं, आणि विमानतळावर सोडायला आली तेव्हा नेहमीपेक्षा घट्ट मिठी मारली.

कोल्हापूरला परतल्यावर पिशवी ठेवून थेट फौंड्रीत गेलो. त्या दरीतून माझ्याबरोबर आला तो म्हाताऱ्याचा हात. म्युझियमपेक्षा तोच जास्त आठवतो. माझी भट्टी बंद होती. सागर म्हणाला, "काका, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात भट्टीचं आतलं अस्तर ढासळलं. तुमची सुट्टी बिघडू नये म्हणून कळवलं नाही."

तीन आठवड्यांचं सगळं ओतकाम शेजारच्या कारखान्याच्या शेडमधल्या विजेच्या भट्टीतून गेलं होतं. एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नाही.