कवळाचा भारा आणि माझी साखर

पौषातल्या सकाळी ऐनाच्या फांद्यांवर कोयती पडू लागली, की साऱ्या सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळी पठारावर, एक तुरट, हिरवा गंध पसरतो. भाताचं रोप टाकायची जमीन भाजण्यासाठी तोडलेल्या या पानांच्या फांद्या म्हणजे आमची कवळ. तिचा गंध मी आयुष्यभर अंगणातल्या खुर्चीत बसून घेतला आणि त्यावर, तुम्हाला सांगायला हरकत नाही, शाळेच्या वार्षिकात दोन लेखही लिहिले! सावर्ड्याला मास्तर झालेला माझ्यासारखा धाकटा दीर गावी आला, की त्याने बसावं आणि वहिनीने त्याच्यापुढे गोडमिट्ट चहा ठेवून भारा आणायला निघावं, ही आमच्याकडची माया. ती माया माझ्या रक्तात किती उतरली, हे पन्नाशीनंतर तपासणीच्या कागदाने सांगितलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात साखर उतरली नाही, तर रोजची सुई. आणि सुईचं नाव काढलं तरी मला घेरी येते!

माझा भाचा टांझानियातल्या एका खेड्यात, दवाखान्यात रक्त तपासतो. फोनवर म्हणाला, "मामा, इथल्या आज्या खांद्यावर कुदळ टाकून कोसभर लांब शेतात जातात. त्यांचे रिपोर्ट बघून तू लाजशील! पण त्यांचीच मुलं शहरात बसून कामं करायला लागली, की येतात तुझ्या वळणावर."

मधे अख्खा समुद्र, तरी त्या तांबड्या वाटांवर आणि आमच्या तांबड्या सड्यावर देहाचा नियम एकच! श्रमाच्या थोरवीने माझं अंतःकरण भरून आलं, आणि ते मी रविवारी वहिनीपुढे रितं केलं. "वहिनी, तुमचे कष्ट हेच तुमचं औषध!"

तिने डोक्यावरचा भारा धपकन टाकला. "होय काय? मग त्या आज्या गुडघ्यांना काय लावतात, तेवढं इचारा भाच्याला, भावजी."

साठीतली वहिनी भिंत धरून पायरी उतरते, हे मी कितीदा पाहिलं होतं, पण खुर्चीतून. माझ्या वाट्याचं ओझं तिच्या गुडघ्यांत आणि तिच्या वाट्याचा आराम माझ्या रक्तात साठत गेला होता. ज्यासाठी आम्ही दोघांनी दोन वेगळे डॉक्टर गाठले, तो मुळात कामाच्या वाटणीचा एकच आजार नव्हता का?

मग रोज शाळेला पायी आणि दर रविवारी सड्यावर. पहिल्याच खेपेला डोक्यावरची चुंबळ सरकली, भारा डोळ्यांवर आला आणि मी थेट शेजाऱ्याच्या काजूवर आदळलो. "काजूला भेटायचं होतं तर सांगायचंत, मी वाट दाखवली असती!" वहिनी हसत म्हणाली. चौथ्या रविवारी मात्र भारा न पडता शेतात पोचला.

तीन महिने सरले. साखर उतरली होती. "सुई नको," डॉक्टर म्हणाले, "पण हे सोडू नका." वहिनीला सांगितलं, तर तिने पुढचंच काढलं, "म्हंजे पावसात भाताच्या लावणीलाही येणार ना?"

त्या दिवशी हंगामातला शेवटचा भारा माझ्या डोक्यावर होता आणि वहिनी पुढे, रिकामी. उतारावर दोन-तीनदा तिचा हात सवयीने वर गेला, नसलेलं ओझं सावरायला, आणि ओशाळून खाली आला. मला उचलायला शिकायला तीन महिने लागले. चाळीस वर्षांच्या ओझ्यानंतर मोकळं चालायला तिला किती लागतील? मी मागून पाऊल आवरतं घेतलं. तिला घाई नव्हती, आणि त्या सकाळी, मानेला रग लागलेली असूनही, मलाही नव्हती.