प्रिंटर जोडून देणारा

तळेगाव ढमढेऱ्यात कुणीही वायफायचा प्रिंटर घेतला, की जोडायला त्यालाच बोलावतात. चपला उंबऱ्याबाहेर नीट ठेवतो, आवाज कधी चढवत नाही. पासवर्डही तोच ठरवतो. "तुमी इसरता, ताई. माझ्या ध्यानात ऱ्हातंय." शेवटी स्वतःच्या मोबाइलवरून एक ओळ छापून दाखवतो: 'सगळं ठीक हाय.' माझ्याकडेही तसंच केलं. मी एकटी राहते. जाताना त्याने दाराची कडी हलवून बघितली. "सैल हाय, ताई."

काल अंगात ताप होता म्हणून मी शाळेत शिकवायला गेले नाही, दार लावून पडून होते. भर दुपारी प्रिंटर आपणहून घरघरला. कागदावर एकच ओळ होती: 'आज शाळंत न्हाई गेला, ताई?'

फाटकाशी मोटारसायकल येऊन बंद झाली. माझी नजर कडीकडे गेली.